एडटेकवर संशोधन करायचंय, पण नेमकं शोधायचं कुठे?

कोरी_पाटी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

बारा वर्षं गणित शिकवल्यावर आता पीएचडीला नाव नोंदवलंय. विषय ढोबळमानाने असा, की सरावासाठी अ‍ॅप वापरलं तर मुलांचं गणित सुधारतं का. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, आधी संबंधित साहित्याचा आढावा घ्या. मी गूगल स्कॉलर उघडलं, 'एज्युकेशनल टेक्नॉलॉजी' टाकलं आणि लाखोंच्या ढिगाऱ्यात बसले. शीर्षक बरं दिसलं की उतरवून घ्यायचं, असं तीन महिने चाललं. फोल्डरमध्ये २१४ पीडीएफ जमल्या. बाईंना मोठ्या ऐटीत दाखवल्या, तर त्यांनी एवढंच विचारलं, "यातले कोणते दोन लेख एकमेकांशी भांडतात?" मला एकही जोडी सांगता आली नाही.

तर या विषयातले लोक शोधतात कुठे? फुकट काय मिळतं? (आमच्या ग्रंथालयाची वर्गणी यथातथाच आहे.) आणि विश्वास कशावर ठेवायचा, हे ठरवतात कसं?

मधली_सुट्टी
२१४ पीडीएफ उतरवल्या म्हणजे निम्मी पीएचडी झालीच की. उरलेली निम्मी म्हणजे त्या उघडणं. (हलके घ्या.)

खडूफळा
गूगल स्कॉलर वाईट नाही, पण पहिली पायरी ती नव्हे. 'एरिक' बघा. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा संग्रह, १९६०च्या दशकापासून चालू आहे आणि वापरायला पूर्ण फुकट. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. तो 'ईजे'ने सुरू झाला तर नियतकालिकातला लेख, 'ईडी'ने सुरू झाला तर अहवाल, परिषदेतला निबंध, सरकारी कागद असं काहीतरी. ईडीवाल्यांतल्या बऱ्याच नोंदींचा पूर्ण मजकूर तिथेच मिळतो. फक्त पिअर रिव्ह्यू (म्हणजे छापण्याआधी जाणकारांकडून तपासणी) झालेलं किंवा फक्त पूर्ण मजकूर असलेलं, अशी चाळणीही लावता येते.

नियतकालिकांत अथाबास्का विद्यापीठाचं 'आयआरआरओडीएल' खुलं आहे, दूरशिक्षणासाठी उत्तम. 'ऑस्ट्रेलेशियन जर्नल ऑफ एज्युकेशनल टेक्नॉलॉजी', 'एज्युकेशनल टेक्नॉलॉजी अँड सोसायटी', 'जर्नल ऑफ लर्निंग अ‍ॅनालिटिक्स' हीसुद्धा खुली. जुनी मातब्बर म्हणजे 'ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल टेक्नॉलॉजी' (१९७०पासून) आणि 'कॉम्प्युटर्स अँड एज्युकेशन' (१९७६पासून). त्यांतलं बरंचसं पैशाच्या भिंतीआड, पण सारांश कुणालाही वाचता येतात. एक संध्याकाळ काढा आणि या दोघांच्या मागच्या पाच वर्षांची नुसती शीर्षकं वाचा. लोक सध्या कशावर डोकं खपवतायत ते लगेच कळतं.

जुनी_वही
तीस वर्षं ग्रंथालयात काढली, म्हणून थोडं लांबण लावतो.

ताई, तुमची अडचण जागेची नाही, शब्दांची आहे. या विषयाने दर दहा-पंधरा वर्षांनी नाव बदललंय, आणि दर वेळी नव्या नावाचे लोक जुन्या नावाचं वाचत नाहीत. १९५०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ स्किनर शिकवणारी यंत्रं घेऊन आला तेव्हा शब्द होता 'प्रोग्रॅम्ड इन्स्ट्रक्शन'. १९६०मध्ये इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' ही संगणकावर शिकवायची यंत्रणा सुरू झाली आणि 'कॉम्प्युटर असिस्टेड इन्स्ट्रक्शन' हा शब्द पुढे वीस-पंचवीस वर्षं चालला. मग 'मल्टिमीडिया', 'आयसीटी', २०००च्या आगेमागे 'ई-लर्निंग', २००८मध्ये 'मूक' (हजारोंसाठी खुले ऑनलाइन अभ्यासक्रम), आणि आता 'अ‍ॅडॅप्टिव्ह', 'पर्सनलाइज्ड'. तुमचं सरावाचं अ‍ॅप १९८०मध्ये असतं, तर त्याची नोंद 'ड्रिल अँड प्रॅक्टिस' या नावाखाली झाली असती. आजचा शब्द टाकून शोधलंत तर त्याचे आजोबा सापडणारच नाहीत.

एरिकमध्ये यासाठीच शब्दसूची आहे. प्रत्येक नोंदीला ठरावीक 'डिस्क्रिप्टर', म्हणजे विषयशब्द, चिकटवलेले असतात. मनाने शब्द जुळवण्यापेक्षा एखादा नेमका उपयोगी लेख घ्या, त्याचे डिस्क्रिप्टर बघा आणि ते वापरून पुन्हा शोधा. मग त्याच लेखाची संदर्भसूची धरून मागे जा, आणि स्कॉलरवर तो लेख पुढे कुणी कुणी उद्धृत केलाय ते बघत पुढे या. मागे-पुढे अशा चार खेपा झाल्या की तीच तीच नावं दिसू लागतात. तेव्हा समजायचं, की विहिरीचा तळ लागला.

आणि एक वही ठेवा. कोणत्या दिवशी, कुठे, कोणते शब्द टाकले आणि किती निकाल आले. पुढे पद्धतशीर आढावा लिहायचा झाला तर प्रिझ्मा या, असे आढावे कसे मांडायचे ते सांगणाऱ्या आराखड्यात हेच सगळं मागतात, तेव्हा आठवून आठवून लिहिण्याची वेळ येते.

कोरी_पाटी
@जुनी_वही काका, आत्ताच करून पाहिलं. १९८०च्या दशकातला एक लेख मिळाला, त्यात लिहिलंय की प्रत्येक मूल आपल्या गतीने जाईल, चूक लगेच कळेल, शिक्षकाचा वेळ वाचेल. मी अभ्यासतेय त्या अ‍ॅपच्या जाहिरातीत हीच तीन वाक्यं आहेत! थोडं हसू आलं, थोडं पोटात धस्स झालं.

मधली_सुट्टी
पोटात गोळा यायला १९८० कशाला? एडिसनने १९१३मध्येच सांगून टाकलं होतं, की शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होणार आणि सगळं चित्रपटातून शिकवता येणार. आमचं दप्तर मात्र पुढेही वाढतच राहिलं.

शेवटचा_बाक
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे सगळं संशोधन म्हणजे पाण्यात काठी मारणं आहे. रिचर्ड क्लार्कने १९८३मध्येच सांगून ठेवलंय: माध्यम म्हणजे नुसतं वाहन. किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे जसं आपलं पोषण सुधारत नाही, तसं माध्यमामुळे शिकणं सुधारत नाही. सुधारतं ते शिकवण्याच्या पद्धतीमुळे. पुढे रसेलने दूरशिक्षणावरच्या ३५५ अभ्यासांची जंत्री केली, निष्कर्ष एकच, लक्षणीय फरक नाही. एवढं झाल्यावर 'अ‍ॅपने गणित सुधारतं का' हा प्रश्नच चुकलाय. २१४ काय, दोन हजार पीडीएफ वाचल्या तरी हाती काय लागणार?

खडूफळा
आला बाबा काडी टाकायला. मी मघापासून म्हणतच होतो, बाक रिकामा कसा.

आकडेमोड
@शेवटचा_बाक, क्लार्क वाचायलाच हवा हे मान्य. पण तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. रॉबर्ट कोझ्माने १९९१मध्ये त्याला उत्तर दिलं. त्याचं म्हणणं, माध्यम आणि पद्धत अशी सुटी करता येत नाहीत, कारण काही गोष्टी काही माध्यमांतच शक्य होतात. पडद्यावर वस्तू हलतेय आणि त्याच क्षणी शेजारी तिचा आलेख काढला जातोय, हे छापील पानावर कसं करणार? १९९४मध्ये तर 'एज्युकेशनल टेक्नॉलॉजी रिसर्च अँड डेव्हलपमेंट'मध्ये दोघंही उतरले. क्लार्कच्या लेखाचं शीर्षकच असं, की माध्यमं शिकण्यावर कधीच प्रभाव पाडणार नाहीत.

@कोरी_पाटी, बाईंना हवी होती ती भांडणारी जोडी ही घ्या.

आता आकड्यांकडे वळतो. तमीम आणि सहकाऱ्यांचा २०११चा आढावा जरूर वाचा. चाळीस वर्षांतली २५ मेटा-विश्लेषणं (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेले निष्कर्ष), म्हणजे १,०५५ मूळ अभ्यास, एकत्र धरून तंत्रज्ञानाच्या बाजूने सरासरी परिणाम ०.३३ प्रमाण विचलनांच्या आसपास निघाला (प्रमाण विचलन म्हणजे गुण किती विखुरलेत त्याचं माप). शून्य नाही आणि चमत्कारही नाही. पण हा आकडा तोंडपाठ करून नाचू नका. चिअंग आणि स्लाव्हिन यांनी २०१६मध्ये ६४५ अभ्यास तपासले तेव्हा दिसलं, की संशोधकाने स्वतः बनवलेली चाचणी असेल तर परिणाम स्वतंत्र चाचणीच्या साधारण दुप्पट दिसतो. छोटा नमुना असला तरी तसंच. म्हणून कोणताही लेख हातात आला की मी निष्कर्ष नंतर वाचतो, आधी बघतो: चाचणी कुणी काढली, मुलं किती, किती आठवडे, आणि तुलनेच्या गटाला काय दिलं. तुलनेच्या गटाला काहीच दिलं नसेल, तर अ‍ॅप जिंकलं की जादा तास जिंकला, कोण सांगणार?

आकडेमोड
वरच्या प्रतिसादात नाव चुकलं. चिअंग नव्हे, च्युंग. संपादन करता येत नाहीये.

शेवटचा_बाक
@आकडेमोड, शेवटचं वाक्य तुम्ही माझ्याच बाजूने लिहिलंत, धन्यवाद.

शंकासुर
भांडणात पडायचं नव्हतं, पण दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचले तर मजा येते. एक पेरूमधला. तिथे ग्रामीण शाळांमध्ये 'मुलामागे एक लॅपटॉप' योजनेखाली लॅपटॉप वाटले आणि कुठल्या शाळांना मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. दुसरा दिल्लीतला, मुरलीधरन, सिंग आणि गनिमियन यांचा, २०१९मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आलेला. तिथे मुलाच्या प्रत्यक्ष पातळीनुसार प्रश्न देणारं सॉफ्टवेअर होतं. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनांनी फरक पडला. शाळेच्या संशोधनात हे बरेच मोठे आकडे आहेत.

लगेच कुणी म्हणेल, बघा, यंत्र वाटून काही होत नाही, चांगलं सॉफ्टवेअर हवं. पण दिल्लीचा लेख नीट वाचा. केंद्रातल्या दीड तासापैकी निम्मा वेळ सॉफ्टवेअर, आणि उरलेला निम्मा वेळ छोट्या गटाला माणूस शिकवत होता. आणि हे शाळा सुटल्यावर, म्हणजे वेळही जास्तीचा. लेखकांनी हे लपवलेलं नाही, आपण सारांशावर थांबतो म्हणून आपल्याला दिसत नाही.

कोरी_पाटी
शंकासुर, हा दिल्लीचा लेख माझ्या २१४मध्ये आहे! आणि मी त्याच्या नावापुढे 'अ‍ॅप = फायदा' अशी टीप लिहून ठेवलीय. पुसते आता.

निळी_शाई
विषय निघालाच आहे तर कबुलीजबाब देते. 'आपण वाचलेलं १० टक्के लक्षात ठेवतो, पाहिलेलं ३० टक्के, केलेलं ९० टक्के' हा त्रिकोण मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात सहा वर्षं दाखवला. खाली शिक्षणतज्ज्ञ एडगर डेलचं नाव. एकदा एका शिक्षिकेने विचारलं, हा प्रयोग कुणी, कुणावर केला? शोधायला गेले तर डेलच्या १९४६च्या मूळ आकृतीत, 'अनुभवाच्या शंकू'त, टक्केवारीच नाही. ती नंतर कुणीतरी डकवली. इतके गोल गोल आकडे पाहून तेव्हाच शंका यायला हवी होती.

शंकासुर
@निळी_शाई, 'दृश्य शिकणारे, श्राव्य शिकणारे' हेही त्यातलंच. पाश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये पुरावे धुंडाळले. मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवलं तर जास्त शिकतं, हे दाखवणारे नीट प्रयोग जवळजवळ सापडलेच नाहीत. तरी दर दुसऱ्या एडटेक उत्पादनाच्या माहितीपत्रकात ते असतंच.

मधली_सुट्टी
माझी शिकण्याची शैली 'आदल्या रात्री' ही आहे. त्यावर कुणी संशोधन करेल का?

तळटीप
धागा भरकटायच्या आत एक धोक्याची सूचना. मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या मसुद्यातले संदर्भ तपासत होते. एक लेख कुठेच सापडेना. लेखिका खरी, नियतकालिक खरं, खंड क्रमांकसुद्धा बरोबर. पण दिलेल्या पानांवर भलताच लेख. पोराला विचारलं तर म्हणाला, चॅटबॉटने दिला. एकूण अकरा संदर्भांपैकी चार असे हवेतले निघाले. शिवाय जे खरे होते त्यातल्या दोन लेखांच्या तोंडी लेखकांनी न म्हटलेलं घातलेलं.

मी चॅटबॉट वापरूच नका म्हणत नाही. जुनी_वही काकांनी सांगितलेले समानार्थी आणि जुने शब्द सुचवायला तो बरा आहे. पण संदर्भ त्याच्याकडून घ्यायचा नाही. घेतलाच तर डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) टाकून तो क्रॉसरेफ या नोंदणी संस्थेकडे उघडतो का बघायचं, आणि मग लेख स्वतः वाचायचा. जमलेलं सगळं झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा, फुकट आहे. एखादा लेख मागे घेतला गेला असेल तर तो तसा इशाराही देतो, रिट्रॅक्शन वॉचच्या नोंदींवरून.

खडूफळा
फुकट मिळण्याबद्दल राहिलंच. 'अनपेवॉल' ब्राउझरला जोडून घ्या. लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर शेजारी हिरवं कुलूप दिसतं. 'कोअर'वर विद्यापीठांच्या भांडारांतल्या प्रती मिळतात. 'एडआर्काइव्ह'वर छापण्याआधीचे मसुदे असतात, पण ते पिअर रिव्ह्यू झालेले असतीलच असं नाही. आणि कुठेच नाही मिळालं तर लेखकाला सरळ ईमेल करा. दोन ओळी, आपला विषय काय, लेख कशासाठी हवाय. मी आजवर वीस-एक जणांना लिहिलं असेल, चौदा-पंधरा जणांनी पाठवले. एकाने तर सोबत प्रश्नावलीही धाडली, न मागता.

पाचवा_तास
एवढी खटपट कशाला, तो किल्लीवाला कावळा आहे ना…

व्यवस्थापक
साय-हबच्या (बेकायदा प्रती देणाऱ्या संकेतस्थळाच्या) कावळ्याला इथे बसू देऊ नये ही विनंती. तसले दुवे दिसल्यास प्रतिसाद उडवला जाईल.

पाचवा_तास
काव नाही करत.

आकडेमोड
छापायची वेळ येईल तेव्हासाठी आत्ताच सांगतो. 'आपला अमूल्य लेख पाठवा' अशी पत्रं येतील. एका ठिकाणी मी भोळेपणाने पाठवला होता. चार दिवसांत स्वीकृत, तपासनिसांचा शेरा एका ओळीचा, आणि मग फीची मागणी. लेख परत मागितला तर त्याचीही फी! नियतकालिक आधी डीओएजेच्या, म्हणजे खुल्या नियतकालिकांच्या, यादीत बघा, 'थिंक, चेक, सबमिट'ची प्रश्नावली पुढ्यात ठेवा. ग्रंथपाल बील यांची लुबाडणाऱ्या प्रकाशकांची ती प्रसिद्ध यादी जानेवारी २०१७मध्ये बंद झाली, तिच्या प्रती फिरतात, पण त्यावर विसंबू नका. आणि खऱ्या नियतकालिकाचं हुबेहूब खोटं संकेतस्थळही असतं, तेव्हा पत्ता दोनदा वाचा.

मुंगी
सगळे लेखांबद्दलच बोलताहेत, पण विदा (डेटा) हासुद्धा स्रोतच आहे. स्वतः शाळाशाळांतून गोळा करणं जमत नसेल तर तयार विदा आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने ३२,५९३ विद्यार्थ्यांची नोंद खुली केलीय, कोणी कधी काय उघडलं, किती क्लिक, शेवटी पास की नापास की मधेच सोडलं. कार्नेगी मेलनचं 'डेटाशॉप' आहे, तिथे गणिताच्या ट्यूटर सॉफ्टवेअरचे पायरीपायरीचे संच मिळतात. ताईंच्या विषयाला सगळ्यात जवळचा म्हणजे 'असिस्टमेंट्स', शाळेच्या गणिताचाच सराव.

पण विदा उघडली म्हणजे स्वच्छ असं नव्हे. असिस्टमेंट्सच्या २००९-१०च्या संचावर कित्येक प्रारूपं (मॉडेल्स) तपासली गेली. नंतर २०१६मध्ये लक्षात आलं, की त्यात नोंदी दुहेरी झाल्या आहेत आणि त्यामुळे काही निकाल फुगले होते. मी स्वतः त्या जुन्या संचावर दोन महिने काम करून झाल्यावर हे वाचलं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

जुनी_वही
@मुंगी, म्हणून वही ठेवायला सांगतो. कोणता संच, कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेला उतरवला.

प्रबंधांचंही कुणी बोललं नाही. एनडीएलटीडीवर जगभरचे प्रबंध शोधता येतात, भारतातले शोधगंगेवर. लेखात चार ओळींत उरकलेली चाचणी प्रबंधाच्या परिशिष्टात पूर्ण असते. शिवाय फरक न दिसलेले अभ्यास नियतकालिकांत कमी येतात, प्रबंधांत मात्र ते झोपलेले सापडतात. त्यांना उठवा.

शेवटचा_बाक
हा मुद्दा पटला. पहिल्यांदाच या धाग्यावर.

कोरी_पाटी
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलेय. उत्तर न दिल्याबद्दल क्षमस्व, वाचत होते.

शेवटच्या_बाकांनी प्रश्न चुकलाय म्हटलं तेव्हा रागच आला होता. पण तो खरंच बदलला. आता 'अ‍ॅपने सुधारतं का' असं विचारत नाहीये. दोन्ही गटांना सारखाच वेळ, सारखीच उदाहरणं, एका गटाला उत्तर चुकल्यावर अ‍ॅपकडून लगेच सूचना, दुसऱ्याला कागदावर सोडवून तास संपताना उत्तरं. म्हणजे बघायचंय ते लगेच मिळणाऱ्या सूचनेबद्दल. चाचणी मी काढणार नाही, बाहेरची वापरणार. बाईंना क्लार्क-कोझ्मा सांगितले. त्या म्हणाल्या, "हं. आता दोघांपैकी तुम्ही कुणाच्या बाजूला?" म्हणजे सुटका नाहीच.

फोल्डरमध्ये आता ३८ उरल्यात, सगळ्या वाचलेल्या. एक शेवटची शंका: अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच केलेला एक अहवाल आहे. छान आहे, आलेख वगैरे. घ्यायचा की नाही?

आकडेमोड
घ्या, पण 'कंपनीचं म्हणणं असं' म्हणून. पुरावा म्हणून नाही. आणि त्यात किती मुलं मधेच गळली तो आकडा शोधा. अशा अहवालांत बहुतेक वेळा शेवटपर्यंत टिकलेल्यांचंच सरासरी यश दिलेलं असतं. अ‍ॅप रोज वापरणारं मूल तसंही रोज गृहपाठ करणारंच असतं.

शेवटचा_बाक
लगेच सूचना म्हणजे पद्धत झाली, माध्यम नव्हे. क्लार्क खूश होईल. कागदाच्या गटालाही कुणी शेजारी बसून लगेच सांगितलं तर? तिसरा गट करा.

कोरी_पाटी
तिसऱ्या गटाला मुलं कुठून आणू हो! पण मुद्दा बरोबर आहे, बाईंना विचारते.

मधली_सुट्टी
२१४ वजा ३८, म्हणजे १७६ पीडीएफ रिकाम्या झाल्या. ताई, त्या टाकू नका, माझ्याकडे पाठवा. मलाही पीएचडीला नाव घालायचंय, निम्मं काम आयतं होईल.